मायकोरायझा वापरताना या चुका टाळा

मायकोरायझा म्हणजे पिकाच्या मुळांत राहणारी उपयुक्त बुरशी; ती पाकिटातून विकली जाते. ती वापरूनही पिकात फरक दिसला नाही की दोष पाकिटाला दिला जातो आणि काही वेळा तो खराही असतो. परंतु बहुतेक वेळा या बुरशीला खत समजून वापरले जाते, तेथेच बिघडते. ती मुळाच्या पेशींत शिरून तेथे अतिसूक्ष्म फांद्या काढते, पिकाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेते आणि मोबदल्यात मातीतील स्फुरद (फॉस्फरस) व जस्त आणून देते. जिवंत मुळाशिवाय तिची वाढ पूर्ण होत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक स्फुरदाच्या बाबतीत होते. लागवडीच्या वेळी डीएपी किंवा सुपर फॉस्फेट या स्फुरदयुक्त खतांची भरघोस मात्रा आणि तिच्यासोबतच मायकोरायझा, असा बेत अनेक ठिकाणी आखला जातो. स्फुरद आयता मिळू लागला की पीक या बुरशीला मुळात फारसा थारा देत नाही, कारण तिला पोसायला त्याची स्वतःची साखर खर्च होते. म्हणून आधी माती परीक्षण करावे; उपलब्ध स्फुरद भरपूर असेल, तर पाकिटावर पैसे घालूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, स्फुरदयुक्त खत पूर्ण बंद करणेही चुकीचे आहे. बुरशी स्फुरद निर्माण करत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाल्यावर काही सेंटिमीटर पलीकडचा स्फुरद ती आपल्या तंतूंमार्फत ओढून आणते, एवढेच.

दुसरी चूक पिकाच्या निवडीची आहे. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक आणि बीट ही पिके या बुरशीशी सहसा भागीदारी करत नाहीत, त्यामुळे तेथील खर्च वाया जातो. कांद्याचे मात्र उलट आहे: त्याची मुळे जाड, कमी फांद्यांची आणि फारच थोड्या केशमुळांची असल्याने तो या बुरशीवर बराच अवलंबून असतो.

पानांवर फवारणी करून काहीही साधत नाही. बुरशी मुळाला भिडली पाहिजे. म्हणून ती रोपवाटिकेच्या मातीत मिसळावी, पुनर्लागवडीच्या वेळी रोपांची मुळे तिच्या द्रावणात बुडवावीत किंवा उभ्या बागेत पांढरी मुळी (नवी, कोवळी मुळे) चालते तेथे द्यावी.

बुरशीनाशकांच्या बाबतीत सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. कार्बेन्डाझिमची आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे) या बुरशीला मारक ठरते, तर केवळ मेटॅलॅक्झिल असलेल्या औषधाचा तिला सहसा त्रास होत नाही, कारण ते वेगळ्या गटातील रोगकारकांवर काम करते.

जमिनीत मूळचीच असलेली बुरशी आपण स्वतः नष्ट करतो, ही चूक तर कोणी मोजतही नाही. वारंवार खोल नांगरटीने तंतूंचे जाळे तुटते आणि दीर्घकाळ उघड्या पडलेल्या रानात तिला यजमान मूळच मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये ओल साठवण्यासाठी वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पडीक ठेवलेल्या जमिनीतील पुढच्या पिकांत स्फुरद व जस्ताची कमतरता दिसू लागली. मातीत बुरशीचा साठा घटल्यामुळे मुळांत ती पुरेशी वसली नव्हती, असे तपासाअंती आढळले. याच तंतूंमुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे जाळे गेले की जमिनीची घडणही ढासळते. दोन पिकांच्या मधल्या काळात ताग, चवळी किंवा ज्वारीसारखे यजमान पीक राखणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

एवढे करूनही शंका उरली, तर शेतात एक पट्टा मायकोरायझाविना ठेवावा आणि दोन्हीकडची बारीक मुळे प्रयोगशाळेत रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावीत. नुसत्या डोळ्यांना ही बुरशी मुळात दिसत नाही. दोन्हीकडे ती सारखीच भरलेली आढळली आणि पिकातही फरक नसेल, तर जमिनीतील मूळचीच बुरशी पुरेशी आहे आणि पुढच्या हंगामात पाकीट घेण्याचे कारण नाही.