पावसाळ्यात कुत्र्याच्या बिस्किटांना बुरशी यायची, त्यावरचा उपाय

आमच्या मोतीला गहू सोसत नाही, अंगाला खाज सुटते. म्हणून त्याची बिस्किटं मी घरीच नाचणीची करते. रत्नागिरीच्या पावसात मात्र ती लगेच मऊ पडायची आणि डब्याच्या तळाशी पांढरी बुरशी धरायची. वरून खरपूस दिसणारं एक बिस्कीट मोडून पाहिलं, तर मधे अजून दमट! लाल भोपळ्यातलं पाणी आतच राहत होतं.

आता वाफवलेला भोपळा फडक्यात बांधून घट्ट पिळते. २ वाट्या नाचणीचं पीठ, अर्धी वाटी भोपळा, १ अंडं. लागलं तरच पाण्याचा हबका. नाचणीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं चिकट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, नाही, त्यामुळे पोळी कडेने फाटते, अंडं तिला धरून ठेवतं. पातळच लाटायची, काट्याने टोचायची, तुकडे करून १७० अंशांवर २५ मिनिटं भाजायची. खरा फरक पडतो तो पुढे. ओव्हन १०० अंशांवर आणून बिस्किटं उलटायची, आणखी पाऊण तास सुकवायची आणि बंद ओव्हनमध्येच गार होऊ द्यायची. मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकलं तर पुन्हा आत. डबा मी फ्रीजमध्येच ठेवते.

मीठ, साखर नकोच. कांदा, लसूण, बेदाणे, चॉकलेट कुत्र्यांना विषारी, त्यांचा कणही नको. पीनट बटर घालायचं असेल तर लेबलवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, ते आधी वाचा. थोड्याशानेही कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक खाली येते.