पर्यायी गुरुत्वसिद्धांत हाताळताना सममितीबाबत या चुका टाळा

समीकरण कुठल्याही निर्देशांकांत तसंच राहतं, म्हणून सिद्धांत आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेइतकाच सममित, असं समजू नका. थोडी खटपट केली तर न्यूटनचं गुरुत्वही तसं मांडता येतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्रेत्श्मान यांनी हा आक्षेप 1917 सालीच घेतला होता. ग्रॅव्हिटॉनला (गुरुत्वाच्या कल्पित कणाला) वस्तुमान दिलं की मोडणारी सममिती जादा क्षेत्रं घालून कागदावर परत आणता येते, पण ध्रुवीकरणं, म्हणजे त्याच्या कंपनाचे स्वतंत्र प्रकार, दोनाची पाच झालेली असतात. सहावं निघालं तर तो 1972 पासून कुप्रसिद्ध असलेला बोलवेअर-डेझर घोस्ट, म्हणजे सिद्धांत अस्थिर करणारं ऋण ऊर्जेचं कंपन. म्हणून आधी डिग्री ऑफ फ्रीडम (असे स्वतंत्र प्रकार) मोजा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एफ-टी सिद्धांतातली. इथे गुरुत्व अवकाशकालाच्या वक्रतेतून नव्हे, टॉर्शनमधून (त्याच्या पिळातून) येतं; टी म्हणजे त्या टॉर्शनपासून बनलेली राशी आणि एफ हे तिचं फंक्शन. लॅग्रांजियनमध्ये (ज्यातून समीकरणं निघतात त्या सूत्रात) नुसता टी असेल तर टेट्राड, म्हणजे प्रत्येक बिंदूवरची चार सदिशांची चौकट, जागोजागी कसाही फिरवा, फरक पडतो तो फक्त पूर्ण डेरिव्हेटिव्हचा आणि तो सोडून देता येतो. टी फंक्शनच्या आत गेला की ही सवलत संपते. गोलाकार ताऱ्यासाठी मात्र विद्यार्थी डायगोनल मेट्रिकचं (अंतरं ठरवणाऱ्या, फक्त कर्णावर पदं असलेल्या सारणीचं) वर्गमूळ काढून डायगोनल टेट्राड घेतो, स्पिन कनेक्शन (टेट्राडच्या फिरण्याचा हिशोब ठेवणारी राशी) शून्य धरतो, आणि क्षेत्रसमीकरणांतलं आर-थीटा समीकरण बजावतं: एफ रेषीय ठेवा, नाहीतर टी स्थिर ठेवा. मग निष्कर्ष निघतो की नवं उत्तरच नाही! दोष सिद्धांताचा नाही, टेट्राडचा. ताऱ्याचं वस्तुमान शून्य करून पाहा. रिकाम्या सपाट अवकाशातही टी शून्य होत नसेल, तर टेट्राड कार्टेशियन दिशांना जुळेल असा फिरवा किंवा योग्य स्पिन कनेक्शन घ्या. सपाट विश्वाच्या कार्टेशियन गणितात डायगोनल टेट्राड बिनतक्रार चालतो, तिथेच ही सवय लागते.

‘जी (गुरुत्व स्थिरांक) बदलतो’ एवढंच लिहून थांबू नका. जी एका क्षेत्रानुसार बदलू देणाऱ्या ब्रान्स-डिकी सिद्धांतात मोजपट्टी (जागोजागची लांबी-वेळेची एककं) बदलून जी स्थिर करता येतो. मग कणांची वस्तुमानं बदलतात. हॉइल आणि जयंत नारळीकरांच्या 1964 च्या सिद्धांतात तर मोजपट्टीचं स्वातंत्र्य ही खरी सममिती आहे. वस्तुमानं स्थिर राहतील अशी पट्टी निवडली की सरासरी पातळीवर आइन्स्टाइनचीच समीकरणं मिळतात. निरीक्षणाशी तुलना करायची ती एककरहित गुणोत्तरांची.

एकसंध विश्वाचं प्रसरण जुळलं म्हणून खूश होऊ नका. त्या उत्तराची सममिती बरंच झाकते. 17 ऑगस्ट 2017 ला सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरणांत जेमतेम 1.7 सेकंदांचं अंतर होतं, म्हणजे दोघांचा वेग जवळजवळ सारखाच, आणि प्रसरण नीट जुळवणारी कितीतरी स्केलर-टेन्सर (मेट्रिकसोबत एक जादा क्षेत्र घेणारी) मॉडेलं त्यावरच बाद झाली.