सोव्हिएत अधिकाऱ्याची दुसऱ्या महायुद्धातली कारकीर्द कशी शोधावी

छातीवरची पदकं मोजत बसू नका. मी आधी तेच केलं आणि फसलो. एका कॅप्टनची ‘देशभक्तीपर युद्धाची ऑर्डर’ (ऑर्डर म्हणजे पदकासारखा लष्करी सन्मान) पाहून त्याला रणवीर ठरवून टाकलं. नंतर कळलं, ती १९८५ची, विजयाच्या चाळिसाव्या वर्षी हयात माजी सैनिकांना सरसकट दिलेली! ‘रेड स्टार’ या ऑर्डरचंही तसंच. १९४४पासून काही वर्षं ती पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दलही मिळायची.

म्हणून नाव, वडिलांवरून पडलेलं मधलं नाव आणि जन्मसाल हाताशी ठेवा. नुसत्या ‘इवानोव’वर शोधलंत तर दिवस गेला समजा. रशियन संरक्षण मंत्रालयाच्या ‘पाम्यात नरोदा’ संकेतस्थळावर सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतच टाइप करा.

मग तिथलं सन्मानाचं शिफारसपत्र उघडा. खरा माणूस तिथे भेटतो: कुठली रेजिमेंट, कुठल्या तारखेला काय केलं, किती वेळा जखमी झाला. शेवटचे शेरे जरूर वाचा. खालच्या अधिकाऱ्याने मोठी ऑर्डर सुचवलेली असते, वरचा तिला कात्री लावतो.

फोटोत खांद्यावर पट्ट्या दिसल्या तर तो १९४३ किंवा त्यानंतरचा. त्याआधी हुद्दा कॉलरवर असे.