अभिनेत्रीची कारकीर्द लिहिताना आधी रंगभूमी शोधावी

चित्रपटाची प्रत उरते, नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपतो. म्हणून दोन्हीकडे वावरलेल्या अभिनेत्रीचे चरित्र लिहिणाऱ्याने पहिले कष्ट रंगभूमीसाठी घ्यावेत. दुर्गा खोटे यांचेच उदाहरण पाहा. ‘अयोध्येचा राजा’मधील (१९३२) तारामती आणि ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई आजही पाहता येतात. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील त्यांची भूमिका मात्र परीक्षणे, छायाचित्रे आणि आठवणी यांतूनच जुळवावी लागते.

जुन्या वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिराती आणि घराघरांतून जपलेली हस्तपत्रके हा सर्वांत भक्कम पुरावा होय. हस्तपत्रकावर पुष्कळदा वार आणि तारीख असते, पण साल नसते. अशा वेळी तो वार त्या तारखेला कोणकोणत्या वर्षी येत होता, हे जुन्या पंचांगात पाहावे. तीच जोडी साधारणतः पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येत असल्याने नाट्यगृह आणि सहकलाकारांची नावे ताडून नेमके साल निश्चित करता येते. हे काम वेळखाऊ आहे, पण चरित्राचा कणा त्यातूनच उभा राहतो. पात्रयोजना नोंदवताना पहिल्या प्रयोगातील आणि नंतर बदललेली नावे वेगळी ठेवावीत.

सहकलाकारांना भेटल्यावर ‘बाई कशा होत्या?’ असे विचारू नये, कारण उत्तरादाखल केवळ स्तुती मिळते. त्या कोणत्या विंगेतून प्रवेश करीत, संवाद विसरल्यास काय करीत, प्रयोगापूर्वी किती वेळ आधी येत, हे विचारावे.

चित्रपटांची यादी तुलनेने सोपी असते. मात्र ‘अयोध्येचा राजा’ मराठीबरोबर हिंदीतही निघाला, हे ध्यानात न घेतल्यास एकच काम दोनदा मोजले जाते. पुरस्काराचे वर्ष आणि तो प्रत्यक्ष प्रदान झाल्याचे वर्षही वेगळे असू शकते.

आत्मचरित्र असल्यास ते आधी वाचावे. संसाराची आर्थिक घडी विसकटल्यावर प्रतिष्ठित घरातील स्त्रीने बोलपटात उतरणे म्हणजे काय, हे ‘मी, दुर्गा खोटे’इतके जवळून अन्य कुणी सांगू शकणार नाही. तारखा मात्र माणसाच्या स्मरणावर सोडू नयेत. प्रत्येक तारखेसमोर तिचा पुरावा वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावा.