रानडुकरांपासून उसाची राखण: कुत्रा भुंकण्यासाठी तयार करावा, झुंजण्यासाठी नव्हे

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळा या तालुक्यांत ज्यांची शेती जंगलाला लागून आहे, त्यांना रानडुकराची ओळख करून देण्याची गरज नाही. भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, भात दुधावर आला किंवा आडसाली उसात गोडी उतरली, की एखाद्या रात्री कळप शेतात पडतो आणि वर्षाची मेहनत सकाळी आडवी झालेली दिसते. अशा वेळी गावात हमखास एक सूचना पुढे येते: चार-पाच दांडगी कुत्री जमवावी, ती डुकरावर सोडावी आणि कुत्र्यांनी धरलेले डुक्कर सुऱ्याने किंवा भाल्याने संपवावे. हा मार्ग कायद्याने बंद आहे आणि पीक वाचवण्याच्या दृष्टीनेही तो कुचकामी आहे. कुत्र्याचा खरा उपयोग त्याच्या नाकात आणि आवाजात आहे. तो कसा करून घ्यावा, हे येथे सांगितले आहे.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करून घेऊ. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि तेव्हापासून रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. या कायद्यातील शिकारीची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. मारणे तर शिकार आहेच, पण पकडणे, फासकी लावणे, विष घालणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि मारण्याच्या हेतूने प्राण्याला हाकणे हेही शिकारीतच मोडते, त्यामुळे "आम्ही फक्त कुत्री सोडली, डुक्कर मेलेच नाही" हा बचाव टिकत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे, आणि गुन्हा राधानगरीसारख्या अभयारण्याच्या हद्दीत घडला तर कैद किमान तीन वर्षांची असते. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कलम 11 खाली परवानगी देण्याचा अधिकार वनखात्याच्या अधिकाऱ्याला आहे; परंतु तो अर्ज, चौकशी आणि लेखी आदेशाचा मार्ग आहे, आणि गावाने परस्पर ठरवून कुत्र्यांसह रानात उतरणे त्यात बसत नाही. स्वतःवर चालून आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मारले गेले तर कायदा समजून घेतो, मात्र मुळात आपण कोणताही गुन्हा करत असता कामा नये.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हवाई आणि अमेरिकेची दक्षिणेकडील राज्ये येथे कुत्री आणि सुरा घेऊन डुकराची शिकार करण्याची रीत आहे, आणि तिची चित्रफीत पाहून आपल्याकडील तरुणांना चेव येतो. तेथील परिस्थिती वेगळी आहे. त्या भागांत डुक्कर माणसाने बाहेरून नेलेले आहे, ते तेथील मूळ जनावर नाही, म्हणून त्याला मारण्याचे नियमही निराळे आहेत. शिवाय तेथील शिकारी कुत्र्याच्या छातीला आणि गळ्याला जाड चिलखती पट्टे बांधतात, भुंकून अडवणारी आणि प्रत्यक्ष धरणारी कुत्री वेगवेगळी ठेवतात, आणि एवढे करूनही कुत्री फाटतातच. सह्याद्रीत रानडुक्कर मूळचे आहे आणि बिबट्याच्या आहाराचा ते एक भाग आहे. ज्या शिवारातील डुकरे संपली, तेथे बिबट्या कुत्र्यांकडे आणि शेळ्यांकडे अधिक वळेल, हा साधा हिशेब आहे.

डुकराची ताकद समजली की कुत्र्याला त्याच्या अंगावर का घालू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून सतत धारदार राहतात. तो मान खाली घालून येतो आणि वर उचलताना फाडतो, त्यामुळे कुत्र्याचे पोट, जांघ आणि छाती नेमकी त्याच्या वारात सापडते. मादीचे सुळे लहान असतात, पण ती चावते आणि पिले जवळ असली तर नरापेक्षा लवकर उलटते. जुन्या नराच्या खांद्यावर कातडीचा जाड, चिवट थर असतो. तेथे सुरा अडतो आणि सुरा धरणारा माणूस जनावराच्या तोंडाशी उभा राहतो. त्यात आपल्याकडे हे सगळे बहुधा उसात घडायचे, जेथे दोन हातांपलीकडचे दिसत नाही आणि मागे सरकायला सरीशिवाय वाट नसते.

राखण सुरू करण्यापूर्वी एक-दोन दिवस सकाळी बांधावरून हिंडून खुणा वाचाव्या. ओल्या मातीत डुकराच्या खुराचा ठसा शेळीच्या ठशासारखा दिसतो, पण त्याच्या मागे दोन्ही बाजूंना उपखुरांचे दोन ठिपके बाहेर फाकलेले उमटतात; ते दिसले की शंका ठेवू नये. उसाचा बुडखा चावून रस शोषून टाकलेल्या चोयट्या सरीत पडलेल्या असतात. ओढ्याकाठी चिखलात लोळून आलेले जनावर जवळच्या झाडाला अंग घासते, आणि खोडावर वाळलेल्या चिखलाची रेघ जेवढ्या उंचीवर असेल त्यावरून जनावराच्या आकाराचा अंदाज येतो. मांडीच्या उंचीला चिखल लागलेला असेल तर तो मोठा नर आहे असे समजून त्या बाजूने रात्री पायी फिरणे टाळावे. कळप कोठून शिरतो आणि कोठून बाहेर पडतो या दोन जागा निश्चित झाल्या की निम्मे काम झाले.

कुत्रा कोणता घ्यावा

कारवानी आणि मुधोळ ही आपल्या भागात मिरवली जाणारी कुत्री आहेत. ती डोळ्यांनी पाहून धावणारी, माळावरची कुत्री आहेत. उसाच्या फडाशी त्यांच्या वेगाचा काही उपयोग नाही, आणि पळणारे जनावर दिसले की ती हाकेला थांबत नाहीत. राखणीसाठी गावठी किंवा धनगरांच्या कळपाबरोबर वाढलेल्या कुत्र्यांचे पिल्लू उत्तम. आकार मध्यम असावा, आवाज खणखणीत असावा आणि स्वभाव थोडा सावध असावा. अनोळखी वस्तू दिसली की जागेवर उभे राहून भुंकणारे पिल्लू घ्यावे. धावत जाऊन तोंड घालणारे पिल्लू शूर वाटते, पण ते फार दिवस टिकत नाही. कुत्री दोन ठेवावी. एकटा कुत्रा घाबरतो किंवा दमतो, आणि चारपेक्षा जास्त झाली की त्यांची टोळी बनते व ती एकमेकांच्या जोरावर अंगावर जाऊ लागतात.

शिकवणीत पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हाकेसरशी परत येणे. पिल्लू तीन-चार महिन्यांचे असल्यापासून एकच शिट्टी ठरवावी आणि ती ऐकून आल्यावर प्रत्येक वेळी दूध-भाकरीचा घास द्यावा. शिट्टी वाजवून बोलावल्यावर मारणे किंवा लगेच साखळीला बांधणे हे दोन्ही टाळावे, कारण मग कुत्रा शिट्टीला टाळू लागतो. घरातील प्रत्येकाने तीच शिट्टी वापरावी. आणि लहान मुलांना कौतुकाने "छू" म्हणण्याची जी सवय असते, ती या कुत्र्यापुरती बंद करावी. मांजरावर, माकडावर किंवा शेजाऱ्याच्या वासरावर छू केलेला कुत्रा पुढे डुकरावरही आपणहून जातो.

त्यानंतर हद्द शिकवावी. रोज सकाळ-संध्याकाळ लांब दोरी लावून त्याला सर्व बांधांवरून एकाच वाटेने फिरवावे आणि फडाच्या कडेला आल्यावर दोरी घट्ट करून थांबवावे. आत शिरण्याचा प्रयत्न केला की "मागे" असे एकदाच ठाम आवाजात सांगावे, आणि तो वळला की घास द्यावा. हे कंटाळवाणे काम आहे व त्यात महिने जातात, पण फडाच्या आत न शिरणारा कुत्रा हाच उपयोगाचा कुत्रा होय. हद्द पक्की झाल्यावर वासाची ओळख द्यावी. डुकराच्या लोळणीतील ओला चिखल गोणपाटाला चोळून ते गोणपाट बांधापलीकडे झुडपात टाकावे आणि वारा आपल्याकडे येत असताना कुत्र्याला त्या बाजूने न्यावे. कुत्रा अडखळतो, नाक वर करतो, पाठीवरचे केस ताठ होतात आणि मग भुंकतो. भुंकल्याबरोबर शाबासकी द्यावी आणि शिट्टीने मागे बोलवावे. थोड्याच दिवसांत या वासाला त्याचा आवाज वेगळा येऊ लागतो, आणि घरात झोपलेल्या माणसालाही माणसावरचे भुंकणे आणि डुकरावरचे भुंकणे यांतील फरक कळतो. रात्रीच्या कामाला कुत्रा वर्षाचा झाल्यावरच न्यावा.

कुत्र्याला रात्री उघड्यावर साखळीने बांधून ठेवू नये. आपल्या पश्चिम भागात बिबट्याचा वावर आहे आणि बांधलेला कुत्रा त्याला आयता मिळतो. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरून खिळे आलेला जो पट्टा घालतात, तो शोभेचा नसतो. बिबट्या मानेलाच धरतो म्हणून तो घालतात, आणि राखणीच्या कुत्र्यालाही तो अवश्य घालावा. झोपण्यासाठी खोपीत आतल्या बाजूला जागा करावी. रेबीजची लस दरवर्षी, न चुकता, टोचावी.

रात्रीची राखण

रात्री एकट्याने जाऊ नये आणि कोणत्याही परिस्थितीत उसात शिरू नये. माणसे रस्त्याच्या किंवा वस्तीच्या बाजूला बांधावर राहावी आणि जंगलाकडील बाजू मोकळी ठेवावी. ही एक गोष्ट पाळली तर निम्मे अपघात टळतील, कारण डुकराला पळायचेच असते. त्याची वाट अडवली की ते माणसाच्या वाटेने येते. कुत्रे भुंकू लागले की त्यांना बांधावरच ठेवून बॅटरीचा प्रखर झोत फिरवावा, पत्र्याचा डबा किंवा हलगी वाजवावी. डुकराची नजर मंद असते, पण कान आणि नाक तिखट असते, त्यामुळे आवाज आणि माणसाचा वास यांचा परिणाम उजेडापेक्षा जास्त होतो. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी डबा वाजवला तर कळप आठवड्याभरात सरावतो, म्हणून जागा आणि वेळ बदलत राहावे. फटाके वाजवण्याचा मोह आवरावा. वाळलेल्या पाचटात एक ठिणगी पडली तर डुकरांनी नेले नसते एवढे पीक आग नेते.

विजेच्या मुख्य तारेवर आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडणे हा प्रकार राखणीत मोडत नाही. त्यात माणसे मरतात, बहुतेक वेळा शेजारी किंवा घरचीच. सौर कुंपणातून क्षणभराचे झटके सुटतात, ते धक्का देतात, जीव घेत नाहीत. डुकरासाठी त्याची सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी, नाहीतर ते नाकाने उचलून खालून जाते, आणि उसाचा पाला तारेला टेकू नये म्हणून तारेखालचा पट्टा सतत साफ ठेवावा लागतो.

डुकरांचा खरा धोका ऊसतोडीच्या दिवसांत असतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आजूबाजूचे फड तुटत गेले की कळप उरलेल्या शेवटच्या फडात गोळा होतो. ऊसतोड मजुरांच्या टोळीने चारही बाजूंनी तोडत आत जाऊ नये. रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून जंगलाच्या दिशेने तोडत जावे, म्हणजे डुकरे आपोआप पुढे सरकून निघून जातात. शेवटच्या चार-सहा सऱ्या उरल्यावर काम थांबवून डबे वाजवावे आणि थोडा वेळ वाट पाहावी. मुले पाचटात झोपवू नयेत.

कुत्रा जखमी झाला तर

सुळ्याची जखम बाहेरून बोटभर दिसते आणि आत हातभर पोकळी असते, म्हणून "किरकोळ आहे" असे म्हणून घरी ठेवू नये. कितीही मायाळू असला तरी दुखावलेला कुत्रा चावतो. श्वास नीट चालू असेल तर तोंड मऊ कापडाने बांधावे. रक्त येत असलेल्या जागी स्वच्छ कापड दाबून धरावे आणि पाच-दहा मिनिटे उचलून पाहू नये. आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. मिठाच्या निर्जंतुक पाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये, भिजवलेल्या कापडाने झाकावे आणि काही खायला-प्यायला देऊ नये. छातीच्या जखमेतून हवा येण्याचा आवाज होत असेल तर ती लगेच झाकावी. हिरडी फिकी पडली असेल तर वेळ फार थोडा आहे. हळद, चुना, तंबाखू भरू नये, आणि आपल्यासाठी आणलेली दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नये, कारण त्यांपैकी बऱ्याच गोळ्या त्याला विषारी ठरतात. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे. माणसाला चावा किंवा सुळा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जावे आणि धनुर्वात व रेबीजच्या लशीबद्दल विचारावे.

शिवारात फासकी किंवा आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब आढळला तर हात लावू नये. तो डुकरासाठी ठेवलेला असतो, पण कुत्रा तो आधी चावतो. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

एवढी राखण करूनही नुकसान झालेच, तर भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे करावा, सोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी. खुरांच्या ठशांचे आणि चावलेल्या बुडख्यांचे फोटो त्याच सकाळी, ऊन चढण्याआधी घ्यावे, आणि पंचनामा होईपर्यंत आडवा झालेला ऊस वैरणीसाठी उचलू नये.