वायोमिंगमध्ये खासगी रँचला लागून असलेल्या सार्वजनिक जमिनीवर शिकार करताना

अमेरिकेतील वायोमिंगच्या दक्षिण भागात, एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना अनुदान म्हणून दिलेल्या जमिनींमुळे, एक मैल लांबी-रुंदीचे सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक पसरलेले आहेत. त्यामुळे निघण्यापूर्वी नकाशा नीट वाचावा: ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन-विभागाची जमीन सहसा पिवळ्या रंगात, राष्ट्रीय वने हिरव्या, राज्याची जमीन निळ्या आणि खासगी जमीन पांढऱ्या रंगात दाखवतात. कुंपणावर मात्र विसंबू नये, कारण ते गुरांसाठी घातलेले असते आणि खऱ्या हद्दीवर असेलच असे नाही.

दोन सरकारी चौकोन केवळ कोपऱ्यात मिळत असतील, तर खासगी जमिनीला पाय न लावता एकातून दुसऱ्यात जाण्यास वायोमिंग ज्याच्या कक्षेत येते त्या दहाव्या फेडरल अपील न्यायालयाने मार्च 2025 मध्ये, सार्वजनिक जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या 1885 च्या कायद्याच्या आधारे, मान्यता दिली. शेजारचे मोंटाना राज्य या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, म्हणून तिथे हा निकाल गृहीत धरू नये. कोपऱ्याची सर्वेक्षण-खूण प्रत्यक्ष शोधावी; फोनवरील जीपीएस काही मीटर चुकू शकते, आणि इथे वाद पावलाभराचाच असतो.

जखमी एल्क (मोठ्या आकाराचे हरीण) हद्द ओलांडून गेला, तर त्याच्यामागे जाण्यापूर्वी जमीनमालकाची परवानगी घ्यावी लागते. म्हणूनच हद्दीलगतच्या जनावरावर गोळी न झाडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शेजारच्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक हंगामापूर्वीच मिळवून ठेवावा.