परदेशातून गिफ्टचे पैसे येणार? आधी नातं बघा

आपल्या रावेर-यावलकडची पोरं दुबई, अमेरिकेतून घरी पैसे पाठवतात अन् मग जुलैत रिटर्न भरताना सीए विचारतो, हे कशाचे? पैसे यायच्या आधीच एवढं करा.

१. देणारा तुमचा कोण लागतो ते बघा. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आईवडील, मामा, काका, मावशी, आत्या यांनी कितीही दिलं तरी टॅक्स नाही. चुलतभाऊ, मावसभाऊ, मित्र यात बसत नाहीत, त्यांचं वर्षात सगळं मिळून ५०,००० च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर टॅक्स, नुसत्या वरच्या रकमेवर नाही.

२. पाठवणाऱ्याकडून साधं पत्र घ्या: कोणी, कोणाला, नातं काय, किती, कधी, अन् बक्षीस म्हणून दिले, परत नको. खाली सही.

३. पत्र अन् बँकेची पावती एकाच फाईलीत ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो बघा: मामाने भाच्याला दिलं तर माफ, पण भाच्याने मामाला दिलं तर माफ नाही. अन् मुलाने पाठवलेल्या पैशाची वडिलांनी एफडी केली तर पैसे माफ असले तरी व्याज वडिलांच्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.